बाकीचा मी वेरिबीचा

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीने, ॲबिगेलने नाताळला दिलेलं स्मार्ट घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. "चार दिवसांत काढून फेकशील," असं आयरीन म्हणाली होती, म्हणून तर हट्टाने घालतोय. बायको म्हणते ते नेहमीच खरं ठरतं, एकदा तरी खोटं ठरू दे. घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, मी फोनवर कुणावर ओरडलो की 'श्वास घ्या' असा आगाऊ सल्ला देतं. ते माझ्याबद्दल एवढं लिहून ठेवणार आणि मी काहीच नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून आजपासून ही डायरी.

आजची बातमी चांगली आहे. त्यात एचआरव्ही नावाचा एक आकडा येतो. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, त्याचं माप. नाताळात माझा आकडा चोवीस होता, आज सतरावर आला! म्हणजे ठोके एकसारखे पडायला लागलेत. मी इथे ऑस्ट्रेलियात, लॅव्हर्टनच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्स इंजिनियर आहे. कॉम्प्रेसर एका लयीत घुमतोय म्हटलं की आम्ही निवांत चहा पितो. शिवाय रविवारी चर्चमध्ये क्वायर मी बसवतो, कीबोर्डही मीच वाजवतो, आणि ताल सोडणाऱ्याला मी कधी माफ केलेलं नाही. माझं काळीजही तालाचं पक्कं निघालं. शुगर कमी, कोलेस्टेरॉल कमी, आता हेही कमी. आयरीनला सांगितलं तर म्हणाली, "बरं, केराची बिन बाहेर काढ."

डावीकडची दाढ आज पुन्हा ठणकली. लवंग धरली, थांबली. मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला वसईला जायचंच आहे, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदाचं काय ते करून घेईन. इथे दाढेला हात लावला की इंडियाच्या तिकिटाएवढं बिल येतं, अशी आमच्या सगळ्या मित्रमंडळींची ठाम समजूत आहे. प्रत्यक्ष विचारायला अजून कोणी गेलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

आईचा फोन. दाढेचं सांगितल्यावर म्हणाली, "लवंग धर रे बर्नाड. तुझ्या बाबाच्या तोंडात कायम लवंग असायची, आठवतं ना?"

आठवतं म्हणजे काय! बाबांचा वास म्हणजेच लवंग. त्यांच्या शेजारी बसून मी हार्मोनियम शिकलो. सूर चुकला की ते माझ्या कानाशी वाकून बरोबर सूर गायचे, आणि सुरासोबत लवंगेचा वास यायचा. हल्ली माझ्या शर्टाच्या खिशातही लवंगा असतात. आज चुकून हात घातला आणि बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फजिती.

ॲबिगेल संध्याकाळी युनिमधून आली. फिजिओच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात सगळ्यांच्या पाठी तीच सरळ करते. मी मोठ्या तोऱ्यात घड्याळ दाखवलं. म्हटलं, बघ, पंधरा! आणखी खाली आलं.

तिने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डॅड, नो. लो इज नॉट गुड. यू वॉन्ट इट हाय."

"असं कसं? एकसारखं म्हणजे चांगलं ना?"

"इट्स अ हार्ट, डॅड, नॉट अ फ्रिज."

मग तिने समजावलं. श्वास आत घेतला की ठोके जरा लवकर पडतात, सोडला की सावकाश. धडधाकट माणसाचं हृदय असं क्षणाक्षणाला जुळवून घेतं. हळू हो म्हणून सांगणारी एक नस असते, तिचा आवाज क्षीण झाला की सगळे ठोके एकाच मापाचे पडायला लागतात. म्हणजे गेले दोन महिने मी ज्याच्या बढाया मारल्या ते दुखणं होतं. क्वायरमध्येसुद्धा सांगून झालंय! जेवताना आयरीनला हसू आवरेना. मी उठून बागेत पाणी घालायला गेलो. पाणी घालायची गरज नव्हती.

२८ फेब्रुवारी

लंचमध्ये फोनवर वाचत बसलो. बसायला नको होतं. रक्तात एक सीआरपी नावाचं काहीतरी असतं, शरीरात कुठे आतून दाह चालला असेल तर ते वाढतं. ते वाढलेलं आणि एचआरव्ही घसरलेला, अशा लोकांमध्ये मरण्याचा धोका जास्त आढळला, असं काही अभ्यासांत म्हटलंय. 'मॉर्टॅलिटी' हा शब्द एकेका पानावर किती वेळा!

अकरा मे ला मला एकोणसाठ पूर्ण होतील. बाबा एकोणसाठचेच होते. सकाळी चहाचा कप हातात धरून बसले आणि तसेच गेले. साठीचा केक कापायला थांबले नाहीत. मी आजवर हे वय मनात कधी उच्चारलं नव्हतं, आज वहीवर लिहिलं. आयरीनला काही बोललो नाही, पण जीपीची, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली.

५ मार्च, राखेचा बुधवार

सकाळी मिस्साला गेलो. फादरने कपाळाला राख लावून आपण सगळे मातीचेच आहोत याची आठवण करून दिली. यंदा मला आठवण करून देण्याची काही गरज नव्हती.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट. सीआरपी चौदा. पाचाच्या खाली हवं.

आमची जीपी देवयानी, नागपूरची, वयाने लहान पण नजर करडी. तिने इसीजी काढला, बीपी बघितलं, सगळं ठीक. "एका आकड्यावर मी काही बोलणार नाही," म्हणाली. "साध्या सर्दीनेही हे वाढतं. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. कुठे सूज आहे का? दुखतं काही? सांधे, पोट, खोकला, लघवीला जळजळ?"

मी सगळ्याला नाही म्हटलं. खरंच काही नाही. घरी येऊन आयरीनने माझे पाय दाबदाबून सूज शोधली, घोटे चेपले, पाठ बघितली. काही सापडलं नाही. मग आतून आहे असं ठरवून तिने हळदीचं दूध सुरू केलं.

उपवासकाळासाठी मी बिअर, गोड आणि तळलेलं सोडलं. दरवर्षी सोडतो ते देवासाठी, यंदा देवाला अर्धंच कारण सांगितलंय.

१४ मार्च

हळद दुधात. हळद ऑम्लेटमध्ये. आज भातही पिवळा. माझी नखं पिवळी झालीत, कामावर पोरं विचारतात, "यू राइट, मेट?" रोज संध्याकाळी चालतो, इथे आमच्या वेरिबीत, नदीच्या कडेने. आकडा हलत नाही. पंधरा, चौदा, पंधरा.

दात घासताना बेसिनमध्ये रक्त. ब्रश कडक आहे, बदलायला हवा.

२३ मार्च, रविवार

आज क्वायरची ईस्टरची प्रॅक्टिस होती. उपवासकाळात चर्चमध्ये आलेलुया गात नाहीत, चाळीस दिवस तो शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यामुळे ईस्टरला पहिला आलेलुया सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. प्रॅक्टिसपुरता गाण्याची आम्हाला मुभा. सुरुवातीची लांब ओळ एकट्याने गायची असते, ती गेली अकरा वर्षं माझी. आज अर्ध्यातच दम संपला. जबडाही नीट उघडेना. सगळे खाली बघायला लागले.

ॲशली आमचा तरुण टेनर, मंगलोरचा, मनाने चांगला. वातावरण हलकं करायला म्हणाला, "अंकल, आज फिर लवंगवाला पुलाव खाके आये क्या?" सगळे हसले, मीही हसलो. मग ती ओळ त्याला दिली. फार छान गायला. त्याचा राग आला, हेही खरंच आहे.

गाडीत आयरीनने विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं दमलोय. मला मरायचं नाही. एवढं साधं वाक्य आहे, पण शेजारी बसलेल्या बायकोला ते सांगता आलं नाही. तिच्यासोबत अजून कितीतरी भांडायचं राहिलंय. ॲबिगेलच्या लग्नात मला कीबोर्ड वाजवायचाय, तिने अजून मुलगा बघितला नसला तरी.

२६ मार्च, बुधवार

हा दिवस मी नीट लिहिणार आहे.

दुसरा रिपोर्ट: सीआरपी सोळा. आयरीनही सोबत आली होती, कारण शेवटी काल रात्री मी तिला सगळं सांगितलं. देवयानी रिपोर्ट बघत ओठ चावत बसली. मी तिला सरळच विचारलं, "मी जाणार का? वाचलंय मी सगळं."

"काय वाचलंय?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "ते अभ्यास हजारो माणसांचे असतात, बर्नार्ड. हे दोन्ही आकडे बिघडलेल्यांपैकी जास्त लोक गेले, एवढंच ते सांगतात. त्यातले तुम्ही कोण, हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. आणि घड्याळाचा आकडा तर एका झोपेनेही बदलतो. मला आकड्याची काळजी नाही, मला तो कशामुळे आहे ते हवंय. शर्ट वर करा."

छाती तपासायला ती वाकली आणि थबकली.

"तुम्ही लवंग खाल्लीय?"

"धरलीय. दाढेत."

"कधीपासून?"

"मागच्या ऑगस्टपासून असेल."

तिने स्टेथोस्कोप कानातून काढला. "मी तुम्हाला विचारलं होतं ना, कुठे दुखतं का म्हणून?"

"हो, पण ते दाताचं होतं. ते वसईला करायचंय."

मलाच माझं वाक्य ऐकू आलं. खोटं मी बोललो नव्हतो, देवाशप्पथ. सांधे, पोट, छाती, हे सगळं माझं शरीर, ते ऑस्ट्रेलियात आलं, त्याला सरकारी उपचारांचं मेडिकेअर कार्ड मिळालं. दात मात्र आम्ही कुणी इथे आणलेच नाहीत. दात वसईचे, बाकीचा मी वेरिबीचा.

मला वाटलं आता ती झापणार. पण तिने कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागली. "माझं स्वतःचं एक रूट कॅनाल नागपूरला करायचं राहिलंय," म्हणाली. "दोन वर्षं झाली. कोणाला सांगू नका."

मग टॉर्च घेऊन तोंडात बघितलं आणि तिचं हसू गेलं. हिरड्या सुजलेल्या, दाढेखाली पू असणार. आयरीन जी सूज माझ्या घोट्यांत शोधत होती ती तोंडात बसली होती. "दातच कारण आहे असं मी छातीठोक सांगत नाही," देवयानी म्हणाली. "पण घरात कुठे जळतंय ते शोधताना तुम्ही एक खोली कुलूप लावून ठेवलीत. आधी ती उघडू." तिने तिथूनच डेंटिस्टला फोन लावला.

घरी येईपर्यंत आयरीन गप्प होती. मग बोलली. गप्प होती तेच बरं होतं.

२९ मार्च

दाढ गेली. डेंटिस्टने मुळाशी चिकटलेली पुवाची पिशवीच दाखवली, मी डोळे मिटले. हिरड्यांची खोलवर सफाई दोन हप्त्यांत करायची आहे. अँटिबायोटिक चालू. तोंड बधिर असल्याने आयरीनला उलट उत्तर देता येत नाही आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे.

३१ मार्च

आकडा अकरा! अकरा! मी ॲबिगेलला युनिमध्ये फोन केला. म्हणाली, "यू जस्ट हॅड अ टूथ आउट, डॅड. तुझी बॉडी बिझी आहे. लुक ॲट द ट्रेंड." संध्याकाळी तिने घड्याळच काढून घेतलं. "लेंट आहे ना? गिव्ह इट अप. ईस्टरला परत देईन."

पोटच्या पोरीने उपवासकाळात मला घड्याळाचाही उपास घातला. मनगटावर एक पांढरा पट्टा उरलाय, तिथे मी अजूनही बघतो.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सफाई संपली. सकाळी ब्रश केला, बेसिन पांढरंच राहिलं. जुनाच ब्रश होता.

आईला फोन केला. मनात आठवडाभर घोळत होतं ते विचारलं. "आई, बाबा लवंग का धरायचे?"

"दाढ दुखायची म्हणून. दुसरं काय."

"किती दिवस दुखत होती?"

"दिवस? अरे कितीतरी वर्षं. तोंड सुजायचं, मग उतरायचं. मी म्हणायची दाखव, तर म्हणायचा, बाग आवरू दे, नाताळ होऊ दे, मग बघू." मग म्हणाली, "त्या नाताळाला होता कुठे तो."

फोन ठेवला. पोर्चमध्ये जाऊन रडलो. इतकी वर्षं मी तो वास बाबांची आठवण म्हणून जपला आणि तो त्यांच्या दुखण्याचा वास होता. देवयानीला मेसेज केला, तर म्हणाली, चाळीस वर्षांपूर्वीचं आज कोणालाच सांगता येणार नाही, त्यांच्या सिगारेटी असतील, बीपी असेल, दातावर सगळं ढकलू नका. बरोबर आहे. सिगारेट होतीच. पण कोणीतरी त्यांच्या तोंडात एकदा टॉर्च मारायला हवा होता, असं मला वाटतं आणि वाटत राहणार.

आयरीन बाहेर आली, शेजारी बसली. माझ्या खिशातल्या लवंगा तिने काढल्या आणि संध्याकाळी पुलावात घातल्या. चांगला झाला होता.

२० एप्रिल, ईस्टर

गुरुवारीच देवयानीचा फोन आला होता: सीआरपी तीन. "लगेच नाचू नका, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, चालणं सोडू नका," वगैरे वगैरे. मी ऐकलं फक्त 'तीन'. आयरीन नाचली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिला स्वयंपाकघरात नाचताना पहिल्यांदा बघितलं.

आज सकाळी चर्च भरलेलं. ॲशलीला मी सांगून ठेवलं होतं की ओळ त्याचीच. वेळ झाली, मी सूर दिला, तर हा पठ्ठ्या तोंड मिटून उभा! माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या. कीबोर्ड वाजतोय, सगळे थांबलेत, मग काय करणार, गायलो. आलेलुया. एका श्वासात शेवटपर्यंत नाही गेलो, मध्ये एक चोरटा श्वास घेतला. बाबांनी तो नक्की पकडला असता. पण ओळ पुरी केली, आणि जबडा पूर्ण उघडला.

दारात ॲबिगेलने घड्याळ परत दिलं. काल रात्री तिने मुद्दाम ते माझ्या हातावर बांधून मला झोपवलं होतं, सकाळी मी बघायच्या आत काढून घेतलं होतं. पंचवीस. एवढी बेशिस्त माझ्या क्वायरमध्ये मी कुणाला करू दिली नसती. काळजाला मात्र आता पूर्ण मोकळीक आहे.

११ मे, रविवार

एकोणसाठ. बाबा आणि मी आजपासून एका वयाचे. सकाळी चहाचा कप हातात घेतला तेव्हा जरा थांबलो. मग प्यालो. साखर कमी होती.

केकनंतर आयरीनने भाजलेले शेंगदाणे ठेवले. डावीकडून चावले, दाढ नाही तिथे थोडं जपून. बॅगा भरायला घेतल्यात, पुढच्या रविवारी फ्लाइट.

वसईहून व्हिडिओ कॉल. आईने आशीर्वाद दिला, मग फोन धाकट्या भावाकडे, फेलिक्सकडे दिला. चौपन्न वर्षांचा गडी, बाबांची बाग तोच बघतो. "हॅपी बर्थडे, दादा," म्हणाला, पण शब्द गालातच अडकले.

"काय रे, तोंडात काय आहे?"

"काही नाही, लवंग."

मी फोन जवळ ओढला. "कधीपासून?"

"असेल गेल्या पावसाळ्यापासून. तू येतोयस ना आता? तू पण दातांचं काम इथे करतोसच, मग दोघं मिळूनच जाऊ. आधी लग्नाची गडबड उरकू दे."

मग मी जो ओरडलो, तो अख्ख्या रस्त्याने ऐकला असेल. घड्याळ घाबरून 'श्वास घ्या' म्हणायला लागलं. मी म्हटलं लग्न गेलं खड्ड्यात, उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बस, आणि खुर्चीत बसल्याचा फोटो पाठव, नाहीतर मी लग्नाला येत नाही आणि आलो तर वाजवत नाही. फेलिक्स हसायला लागला. मागून आई म्हणाली, "जा रे बाबा. त्याचं ऐक." तिने बाबांना सांगून पाहिलं होतं.

१२ मे

दुपारी कामावर फोटो आला. फेलिक्स खुर्चीत, आ वासलेला, तोंडात दोन नळ्या, एक डोळा मिटलेला, आणि पाठीमागे हातात जपमाळ घेऊन बसलेली आई. इतका घाणेरडा फोटो आमच्या घराण्यात कोणी काढलेला नाही.

मी तो मोठा करून घेणार आहे. कीबोर्डच्या वर, बाबांच्या फोटोशेजारी जागा आहे.